कैद्याची भेट : हक्क कोणाचा, कर्तव्य कोणाचे?

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मगरिबची नमाज आटोपून मी घरी पोहोचलो, तो दारात शेजारच्या आपा उभ्या होत्या. वय पासष्टीच्या पुढे, गुडघे दुखरे, आणि हातात चार घड्या घातलेला एक कागद. कागदावर त्यांच्या धाकट्या मुलाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि न्यायालयाने कोठडी दिल्याची तारीख लिहिलेली होती. मुलगा दोन महिन्यांपासून येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात होता. "भेटीसाठी आता मोबाइलवर नाव घालावे लागते म्हणतात. तेवढे तुम्ही करून द्या, भाईसाहेब," एवढेच त्या म्हणाल्या. घरात मोठा मुलगा आहे, त्याच्याकडे चांगला मोबाइल आहे, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. तरी त्या माझ्याकडे आल्या होत्या. का, ते मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर मोठ्या मुलानेच ते सांगितले. धाकटा भाऊ मोहल्ल्यात भिशी चालवत असे. वीस-बावीस घरांचे पैसे त्याच्याकडे जमत. एक दिवस पैसे नव्हते आणि तोही नव्हता. पुढे पोलिसांनी त्याला पकडून आणले. पैसे बुडालेल्यांत आमच्याच गल्लीतील एक विधवा भगिनी आहे. शिवणकाम करून तिने मुलीच्या लग्नासाठी रक्कम जमवली होती. "अम्मी तिच्या दारावरून जाऊन येरवड्याची बस पकडणार का?" मोठा मुलगा मला विचारत होता. "पापाच्या कामात कोणाला साहाय्य करू नका असे कुरआनने सांगितले आहे. तबूकच्या वेळी मागे राहिलेल्या तिघांशी बोलणेसुद्धा प्रेषितांनी (स.) थांबवले होते. मग ज्याने अनाथांचे पैसे खाल्ले, त्याला डबा-कपडे घेऊन भेटायला जाणे हे कुठले दीन?"

हा तरुण पाषाणहृदयी नाही. पाच वेळचा नमाजी आहे, आईचा औषधपाणी तोच पाहतो, भावाच्या वकिलाचे पैसेही त्यानेच दिले आहेत. त्याचे म्हणणे दोन वाक्यांत उडवून लावता येण्यासारखे नव्हते. मी त्याला त्या क्षणी उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराचाच एक प्रयत्न आहे.

तुरुंगातील भेटीला आपल्या कारागृहांत अधिकृत मराठीत 'मुलाखत' म्हणतात आणि आपल्या घरांत 'मुलाकात'. शब्द एकच, अरबीतील 'लिका' या भेटीच्या अर्थाच्या शब्दाशी नाते सांगणारा. पवित्र कुरआनात हाच 'लिका' माणसाच्या आपल्या पालनकर्त्याशी होणाऱ्या भेटीसाठी वारंवार आला आहे. वर्तमानपत्रवाल्यांनी 'मुलाखत' म्हणजे प्रश्नोत्तरे असा अर्थ रूढ केल्यामुळे हा धागा मराठीत थोडा हरवला आहे, एवढेच.

ही भेट मिळवण्याची रीत आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही, तरी ज्या घरावर ही वेळ प्रथमच येते त्या घराला ती डोंगराएवढी वाटते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'ई-मुलाकात' या संकेतस्थळावर बंद्याचे नाव, कारागृह, भेटीला येणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखपत्र आणि मोबाइल क्रमांक भरावा लागतो. त्यात 'नाते' असा एक रकाना असतो. नोंद मान्य झाली की ठरलेल्या दिवशी मूळ ओळखपत्र घेऊन दारात हजर व्हायचे. खटला चालू असलेला न्यायाधीन बंदी, ज्याला लोक कच्चा कैदी म्हणतात, आणि शिक्षा लागलेला पक्का कैदी यांच्या भेटींचे नियम वेगवेगळे असतात. ओळखपत्रावरील नाव आणि नोंदवलेले नाव यांत अक्षराचाही फरक नसलेला बरा. आपल्या घरांतील 'बी', 'बेगम', 'शेख' यांचे कागदोपत्री घोळ सर्वांना माहीत आहेत. भेटीच्या खोलीत बहुधा मध्ये काच असते आणि दोन्ही बाजूंना इंटरकॉमचे फोन. स्पर्श नसतो. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या तेव्हा व्हिडिओ कॉल सुरू झाले, आणि दूरच्या जिल्ह्यांतील गरीब कुटुंबांना त्याचा उपयोगही झाला. परंतु पडद्यावरचा चेहरा पाहून समाधान झालेली आई मला अजून भेटायची आहे. महाराष्ट्राच्या कारागृह विभागानेच काही वर्षांपूर्वी 'गळाभेट' नावाचा उपक्रम केला. त्यात बंद्यांच्या लहान मुलांना काचेविना आत नेऊन आईवडिलांजवळ बसू दिले जाई. त्या नावाची योजना ज्याला सुचली त्याला माणसाचे मन कळत असावे.

भेट ही मेहेरबानी आहे की हक्क, याचे उत्तर आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच दिले आहे. दिल्लीत स्थानबद्ध असलेल्या फ्रान्सिस कोराली मुलिन या महिलेला आपल्या लहानग्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येईल असा नियम होता. न्यायमूर्ती भगवती यांनी तो घटनाबाह्य ठरवला. जगण्याच्या हक्कात माणूस म्हणून प्रतिष्ठेने जगणे येते, आणि कुटुंबीयांना व मित्रांना भेटणे हा त्या जगण्याचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न मिटला आहे. कायदा दार उघडतो. पण त्या दारातून कोणी आत गेलेच पाहिजे अशी सक्ती तो कोणावर करू शकत नाही. आपाच्या मोठ्या मुलाचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

प्रथम हे पाहू की आपल्या दीनमध्ये कैद्याचे स्थान काय आहे. सूरह अद्-दहरमध्ये (७६:८-९) सदाचारी लोकांचे वर्णन आहे. अल्लाहच्या प्रेमापोटी ते गरजवंताला, अनाथाला आणि कैद्याला अन्न देतात आणि त्याबद्दल ना मोबदला मागतात ना आभार. गरजवंत आणि अनाथ यांच्या पंगतीत कैदी बसवला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. येथील 'असीर' म्हणजे केवळ युद्धकैदी, असे कोणी म्हणेल. परंतु मुजाहिद (रह.) यांच्यासारख्या आरंभीच्या भाष्यकारांनी त्यात तुरुंगात डांबलेल्या कोणत्याही माणसाचा समावेश केला आहे. ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडून बुखारीत आलेल्या हदीसमध्येही भुकेल्याला जेवू घालणे, आजाऱ्याची विचारपूस करणे आणि कैद्याला सोडवणे या तीन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी खलीफा हारून रशीदसाठी 'किताबुल खराज' लिहिला, त्यात कैद्यांसाठी स्वतंत्र भाग आहे. त्यांना साखळदंडात रस्त्यावर आणून भीक मागायला लावू नये, त्यांच्या अन्नाची आणि हिवाळ्या-उन्हाळ्याच्या कपड्यांची तरतूद बैतुलमालमधून व्हावी, असा त्यांचा आग्रह होता.

भेटीसाठी माझ्या मनात मात्र नेहमी सुमामा बिन उसाल यांचा प्रसंग येतो. यमामाचा हा सरदार शत्रू म्हणून पकडला गेला आणि मस्जिदे नबवीच्या एका खांबाला बांधला गेला. तीन दिवस प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः त्याच्याजवळ जात आणि एकच विचारपूस करीत : सुमामा, तुझ्याजवळ सांगण्यासारखे काय आहे? उत्तर ऐकून घेत आणि परत जात. तिसऱ्या दिवशी त्याला सोडून देण्याची आज्ञा झाली. सुटलेला सुमामा जवळच्या बागेत जाऊन स्नान करून परतला आणि त्याने इस्लाम स्वीकारला. आपण हा प्रसंग क्षमेचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण क्षमा तिसऱ्या दिवशीची. त्याआधीचे दोन दिवस तो बांधलेलाच होता आणि तरी त्याच्याकडे कोणी तरी जात होते, त्याचे नाव घेऊन बोलत होते. कैद आणि भेट या दोन गोष्टी एकाच वेळी एकाच ठिकाणी नांदू शकतात. भेटायला जाणारा कैद चुकीची आहे असे म्हणत नसतो.

येथे मोठा मुलगा म्हणेल, तो शत्रू होता, आपला माणूस नव्हता. आपल्या माणसाचा गुन्हा अधिक जिव्हारी लागतो. त्याचे तबूकचे उदाहरण खरोखरच वजनदार आहे, म्हणून ते पुरते पाहिले पाहिजे. ह. कअब बिन मालिक (रजि.) यांनी स्वतः सांगितलेली ती दीर्घ कहाणी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कोणतीही सबब नसताना ते आणि दोघे सोबती मोहिमेला गेले नाहीत. त्यांनी खोटे बहाणे केले नाहीत, दोष कबूल केला. त्यांच्याशी कोणी बोलू नये अशी आज्ञा झाली. पन्नास दिवस मदिना त्यांच्यासाठी एक उघडा तुरुंग झाला. कअब (रजि.) बाजारात जात, मशिदीत जात, सलाम करीत आणि प्रेषितांचे (स.) ओठ उत्तरासाठी हलले का ते पाहत. एकदा ते चुलतभाऊ अबू कतादा (रजि.) यांच्या बागेची भिंत चढून आत गेले आणि सलाम केला, भावाने उत्तर दिले नाही. मोठ्या मुलाला आपली जागा अबू कतादांची आहे असे वाटते.

परंतु त्या कहाणीत आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली, ही आज्ञा वह्य ज्यांच्यावर उतरत होती त्यांची होती, तिला मुदत होती आणि तिचा शेवटही आकाशातूनच आला. मोहल्ल्यातील कोणा भावाने स्वतःच्या संतापातून काढलेला तो फतवा नव्हता. दुसरी, त्या कडक दिवसांतही त्या तिघांपैकी वृद्ध हिलाल बिन उमय्या (रजि.) यांच्या पत्नीने त्यांची सेवा करण्याची परवानगी मागितली आणि ती तिला मिळाली. बहिष्कारातही म्हाताऱ्याच्या खाण्यापिण्याचे दार बंद झाले नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याच दिवसांत गस्सानच्या राजाचे पत्र कअब (रजि.) यांच्या हाती आले. तुझ्या माणसांनी तुझा अपमान केला आहे असे ऐकतो, आमच्याकडे ये, आम्ही तुझा मान राखू, असा त्याचा मतलब होता. कअब (रजि.) यांनी ते पत्र भट्टीत टाकले. ते कअब होते; अकबाची शपथ घेतलेले, ईमानाने भरलेले.

आता आपाच्या मुलाचा विचार करा. वय पंचवीस-सव्वीस. बराकीत शेकडो माणसे. घरचे कोणी येत नाही, मनीऑर्डर येत नाही, न्यायालयाची तारीख कधी ते सांगणारे कोणी नाही. त्या ठिकाणी गस्सानची पत्रे रोज येतात. कोणी साबण देतो, कोणी कॅन्टीनमधला चहा पाजतो, कोणी म्हणतो तुझ्या जामिनाचे मी पाहतो, बाहेर आलास की माझ्याकडे ये. तुरुंगात एकदा गेलेला मुलगा सुधारून का येत नाही, असे आपण हळहळून विचारतो. ज्या हाताने त्याला साबण दिला त्याच हाताकडे तो जातो, यात नवल ते काय? अशा पत्रांना भट्टीत टाकण्याइतकी ताकद आपल्या मुलात असेल असे गृहीत धरून त्याला एकटे सोडणे ही मोठी जोखीम आहे, आणि ती जोखीम आपण दुसऱ्याच्या ईमानावर घेत असतो.

बुखारीतच आणखी एक छोटा प्रसंग आहे. मद्यपानाबद्दल एका माणसाला शिक्षा झाली. शिक्षा झालीच, ती टळली नाही. तो परत जाऊ लागला तेव्हा गर्दीतील कोणी तरी 'अल्लाह तुला अपमानित करो' असे म्हणाले. आदरणीय प्रेषितांनी (स.) त्याला रोखले : आपल्या भावाविरुद्ध सैतानाचे मदतनीस होऊ नका. शिक्षा भोगून झालेल्यालाही त्यांनी भाऊच म्हटले, हे मोठ्या मुलाने ध्यानात घ्यावे असे मला वाटते. पापात साहाय्य न करण्याची आज्ञा आणि पाप्याविरुद्ध सैतानाला साहाय्य न करण्याची आज्ञा या दोन्ही त्याने एकत्र वाचल्या पाहिजेत.

शिवाय आपण आतापर्यंत तो दोषी आहे असे धरून बोललो. ते अजून ठरायचे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते आणि त्यांतील ४ लाख ३४ हजारांहून अधिक, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन होते. चारांतील तिघांचा दोष सिद्ध झालेला नव्हता. ज्यांच्यावर आरोप सिद्ध होत नाहीत तेही वर्षे काढून बाहेर येतात, आणि बाहेर आल्यावर त्यांना सर्वांत जास्त बोचते ते ही गोष्ट की आपल्या माणसांनी न्यायाधीशाच्या आधी निकाल दिला होता. संशयापासून दूर राहा, काही संशय तर पापच असतात, ही सूरह अल-हुजुरातमधील (४९:१२) ताकीद आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. ती बहुधा शेजाऱ्यांच्या सुनेबद्दल आहे असे समजून घरी येतो.

ह. यूसुफ (अ.) निर्दोष होते हे आपण जाणतो. त्यांच्याबरोबर दोन तरुण तुरुंगात होते. त्यांतील एक सुटला आणि दुसरा सुळावर गेला. यूसुफ (अ.) यांनी दोघांना 'माझ्या तुरुंगातील सोबत्यांनो' अशी एकच हाक मारली (१२:३९). कोण सुटणार आणि कोण नाही, हे स्वप्नांवरून त्यांना उमगले होते, तरी हाकेत फरक केला नाही. मग सुटणाऱ्याला त्यांनी सांगितले, तुझ्या धन्याजवळ माझा उल्लेख कर. सैतानाने त्याला विसर पाडला आणि यूसुफ (अ.) आणखी काही वर्षे आत राहिले (१२:४२). या आयतीवर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. सामान्य वाचक म्हणून माझे लक्ष त्या सुटलेल्या माणसाकडे जाते. तो दुष्ट नव्हता. त्याने कट केला नाही, खोटी साक्ष दिली नाही. तो फक्त बाहेर आला, कामाला लागला आणि विसरला. भिंतीबाहेरच्या माणसाचे पाप बहुधा एवढेच असते.

भेटीबद्दल विचार करताना आपल्या महाराष्ट्रातीलच एक न झालेली भेट आठवते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाल्यावर मौलाना अबुल कलाम आझाद यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. घरून निघताना पत्नी जुलेखा बेगम आजारी होत्या. निरोप देताना 'खुदा हाफिज' पलीकडे त्या काही बोलल्या नाहीत. पुढे आजार बळावल्याच्या बातम्या किल्ल्यात येऊ लागल्या. मौलानांनी 'गुबारे खातिर'मधील पत्रात लिहिले आहे की तुरुंगाच्या अधीक्षकाने त्यांना सुचवले, काही सांगायचे असेल तर ते मी तत्काळ सरकारला कळवतो. मौलानांनी त्या सरकारकडे कोणतीही विनंती करायला नकार दिला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र एकदा तरी भेट होऊ द्यावी असे सरकारला कळवले होते, आणि सरकारने त्याकडे दुर्लक्ष केले, असे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. एप्रिल १९४३ मध्ये जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. मौलाना १९४५ मध्ये सुटले आणि कलकत्त्याला परतले तेव्हा स्वागताची गर्दी बाजूला ठेवून प्रथम त्यांच्या कबरीवर गेले, फातिहा पढले. मोटारीत पडलेल्या हारांतील एक त्यांनी तिथे ठेवला.

मौलानांच्या स्वाभिमानापुढे माझी मान झुकते. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर हा प्रसंग वाचताना मी दर वेळी त्यांच्या बाजूला उभा राहू शकत नाही. परक्या सत्तेकडे हात न पसरण्याचे मोल मौलानांनी दिलेच, पण त्यातला मोठा हिस्सा कलकत्त्यातील एका खाटेवर चुकवला गेला. भेट दोघांची असते. एकाने तत्त्वासाठी ती नाकारली तर दुसऱ्याच्या वाट्याचीही नाकारली जाते, आणि त्या दुसऱ्याला कोणी विचारलेले नसते. याच काळातील दुसरे उदाहरण मौलाना हसरत मोहानी यांचे. तेही १९२२ मध्ये शिक्षा झाल्यावर काही काळ याच येरवड्यात होते. १९०८ मध्ये त्यांना पहिल्यांदा अटक झाली तेव्हा घरात तान्ही मुलगी आजारी होती. निशातुन्निसा बेगम यांनी घरची काळजी करू नका, खंबीर राहा, असे पत्र तुरुंगात पाठवले. मागणे मागण्यात कमीपणा असेल, पण धीर देण्यात तो नाही. आणि धीर देण्यासाठी बेगमचे शब्द तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचावे लागले.

मोठ्या मुलाचा शेवटचा मुद्दा उरतो, आणि तो सर्वांत खरा आहे : ती विधवा. येथे मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे, फक्त निष्कर्ष वेगळा काढतो. कैद्याची भेट घेणारे घर जर पीडिताच्या दाराकडे पाठ फिरवत असेल, तर त्या भेटीत पक्षपात मिसळला आहे. न्यायासाठी उभे राहा, मग ते तुमच्या स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध, आप्तांविरुद्ध का असेना, असे सूरह अन्-निसात (४:१३५) फर्मावले आहे. म्हणून येरवड्याला जाण्याआधी आपाने त्या भगिनीकडे जावे, असे मी सुचवले. काय बोलायचे ते बोलावे. न बोलता बसले तरी चालेल. एकाचे ओझे दुसरा उचलत नाही (६:१६४), त्यामुळे मुलाच्या गुन्ह्याची गुन्हेगार आई होत नाही. पण नुकसान भरून निघावे यासाठी तिने धडपडणे याला कोणाची हरकत असणार? आणि मुलालाही काचेपलीकडून सर्वांत आधी तेच सांगावे : कोणाचे किती देणे आहे ते लिहून दे. तौबामध्ये माणसांचे हक्क परत करणे येते, हे त्याला आत समजावणारे कोणी असेल तर ती त्याची आईच.

आपल्या समाजात एक चाल आहे, तिच्याबद्दल दोन शब्द. मुलगा तुरुंगात गेला की नातेवाइकांना 'दुबईला गेला' म्हणून सांगतात. लहान मुलांनाही अब्बा सौदीला आहेत असे सांगून ठेवतात. लाज झाकण्याची गरज मी समजू शकतो. दुसऱ्याचे दोष झाकण्याची शिकवण आपल्याला आहेच. मोहल्ल्याला सगळे सांगावे असे कोणी म्हणत नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला शाळेत कोणी तरी खरे सांगतेच, आणि त्या दिवशी बाप आणि आई दोघेही त्याच्या नजरेतून उतरतात. शिवाय बाप सौदीला आहे म्हटल्यावर मुलाला भेटीला कसे नेणार? ज्या भेटीसाठी कायद्याने दार ठेवले ते आपणच खोटे बोलून बंद करतो. माझ्या मते मुलाला त्याच्या वयाला झेपेल इतके खरे सांगावे.

वकिलाची ऐपत नसलेल्यांनी एवढे तरी जाणून घ्यावे की विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी साधा अर्ज पुरतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर काही अटींवर त्याच्या सुटकेची तरतूद आहे. भेटीला जाणाऱ्याने या गोष्टी विचारून घेऊन जाव्यात. रडण्यासाठी मिळालेली मिनिटे फार थोडी असतात, आणि तारीख, कलम, वकिलाचे नाव हे सगळे त्यांतच सांगायचे असते.

आपा त्या भगिनीकडे गेल्या. तेथे काय झाले ते त्यांनी मला सांगितले नाही. परत आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. एवढे मात्र त्यांच्याकडून कळले की मोठा मुलगा गेले दोन महिने आपल्या दुकानाच्या गल्ल्यातून थोडी थोडी रक्कम तिला नेऊन देत होता आणि घरात त्याने याचा उच्चारही केला नव्हता. मशिदीच्या पायऱ्यांवर तो मला कठोर वाटला होता.

भेटीची नोंद मान्य झाली. ठरलेल्या दिवशी आपाला बस पकडावी लागली नाही. मोठ्या मुलाने त्यांना स्कूटरवर कारागृहाच्या दारापर्यंत सोडले. मीही गेलो होतो. आत जाण्याची मुभा आपालाच होती, म्हणून आम्ही दोघे समोरच्या टपरीवर चहा घेत थांबलो. तो फारसे बोलला नाही. दाराकडे पाहत होता. तासाभराने आपा बाहेर आल्या. फोनमधून नीट ऐकू आले नाही, म्हणाल्या, त्यामुळे नुसती मान हलवत राहिले, आणि जेवतोस का, हेच चार वेळा विचारले. कोणाचे किती देणे, त्याची यादी त्याने पाठवतो म्हटले आहे.

मोठ्या मुलाने आईला स्कूटरवर बसवले, ओढणी चाकात येणार नाही असे पाहिले, आणि स्कूटर सुरू करता करता मला विचारले, पुढच्या वेळी नाव घालायचे तर आधार कार्डाची छायाप्रत लागते का. लागते, असे मी सांगितले.